नळीपलीकडच्या रेघा

चुलीवरच्या भगुल्याचं झाकण एकदम खडखडलं, आणि ओट्यावर बसलेली वीस-पंचवीस माणसं दचकली.

इतका वेळ सगळी श्वास धरून बसली होती. लॅबवाल्या मॅडमने सांगितलं होतं, पाच मिनिटं. बोटाच्या टोकातला रक्ताचा थेंब काचेच्या नळीतल्या औषधात सोडायचा, नळी हलवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. थांबायला सांगितलं होतं, गप्प बसायला नव्हे. पण मॅडम स्वतःच नळीकडे अशा काही टक लावून बसल्या होत्या, की बघणाऱ्यांनाही वाटलं, आवाज केला तर रक्त बिघडेल.

"मॅडम," दारातून कुणीतरी म्हणालं, "तुमच्या नळीच्या आधी आमच्या फुईचा भात झाला."

ओटाभर हसू पसरलं. मॅडमने, म्हणजे एस्तेरने, मान वर केली. दारात एक उंच, सावळा तरुण उभा होता. एका हातात भगुल्याचं झाकण, नखांत ग्रीसचा काळा रंग, अंगात काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांचा शर्ट. आणि चेहरा असा, की आपण काही गंमत केली हे त्याच्या गावीही नाही.

"भात झाला तर उतरवून ठेवा," एस्तेर म्हणाली. "रक्त असं उतरवता येत नाही."

"बरं," तो म्हणाला. पण हलला नाही.

नवापूरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेला तो पाडा. भादव्याचे शेवटचे दिवस. भात पोटरीला आला होता आणि डोंगरावरून धुकं अंगणापर्यंत उतरून पुन्हा विचार बदलल्यासारखं माघारी जात होतं. समाजमंदिराच्या पत्र्यांचं काम चाललेलं, म्हणून सिकलसेलचं शिबिर रेवाबाईंच्या ओट्यावर भरलं होतं. दारातला तरुण त्यांचा भाचा, गोवाल वळवी. नवापूरच्या रस्त्यावर त्याचं टायर-पंक्चरचं दुकान होतं, आणि आत्याला — त्याच्या फुईला — शिबिरात एकटं वाटू नये म्हणून तो दुकान बंद करून आला होता.

पाच मिनिटं झाली. एस्तेरने रेवाबाईंची नळी उचलली आणि दुसऱ्या हाताने रेघांचा कागद. ही तपासणी तशी साधी. नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. आरपार रेघा दिसल्या तर रक्त ठीक. नळी गढूळ झाली, रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात कुठेतरी विळा आहे...

नेमकी वाऱ्याची झुळूक आली. कागद हातातून निसटला, ओट्यावरून उडाला आणि खालच्या भातात जाऊन पडला.

"अगं बाई!" पाड्यातल्या आशाताई त्याच्यामागे धावल्या.

"रेघाच पाहिजेत ना?" गोवाल पुढे आला. झाकण खाली ठेवलं आणि छाती काढून तिच्यासमोर उभा राहिला. "या घ्या. धुतलेल्या आहेत."

पुन्हा हशा. एस्तेरला रागवायचं होतं. पण उन्हाचा एक तिरपा कवडसा नेमका त्याच्या शर्टावर पडला होता... तिने नळी तिथे धरली. लाल पाण्याच्या आरपार काळ्या रेघा स्वच्छ दिसल्या. एक बटणही दिसलं. आणि बटणाखाली काहीतरी हळूच वर-खाली होत होतं.

"हलू नका."

"श्वास घेऊ की नको?"

"घ्या..." ती म्हणाली. "पण हळू."

रेवाबाईंचं रक्त ठणठणीत होतं. तिने पांढरं कार्ड भरून दिलं, तशी म्हातारीने ते उलटसुलट केलं आणि परत पुढे सरकवलं.

"पांढरं नको. पिवळं दे."

"आजी, पांढरंच चांगलं. तुम्हाला काही नाही."

"तेच म्हणते ना मी! पांढऱ्यावर काही नाही मिळत. शेजारणीला मागच्या शिबिरात पिवळं दिलं तू. तिला तांदूळ, मला काय वारा?"

"फुई, हे रेशनचं नाही," गोवाल हसू दाबत म्हणाला.

"सरकारी माणूस, सरकारी कार्ड, आणि रेशनचं नाही म्हणे!"

एस्तेर हसली. ओठांच्या एकाच कोपऱ्यातून, चोरून, कोटाला न शोभणारं. मग तिने सगळ्यांना पुन्हा समजावलं. पांढरं म्हणजे रक्तात काही नाही. लाल म्हणजे आजार आहे, औषध घ्यायचं. आणि पिवळं म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण अर्धा विळा अंगात घेऊन फिरतो, तो पुढच्या पिढीला देऊ शकतो.

"मग मला पिवळं द्या, मॅडम," गोवालने बोट पुढे केलं. "मी माझं फुईला देईन. घरात भांडण नको."

तिने त्याच्या बोटाला सुई टोचली. त्याने डोळे मिटले नाहीत, तिच्याकडेच बघत राहिला. पाच मिनिटं. धुकं आलं, गेलं. तिने नळी उचलली आणि सवयीने त्याच्या शर्टासमोर धरली.

रेघा नव्हत्या.

तिला वाटलं, ऊन गेलं असेल. वाटलं, आपलाच हात हलला. तेवढ्यात आशाताई चिखलातला कागद पदराला पुसत घेऊन आल्या. तिने नळीमागे तो धरला. नळी गढूळ होती, संध्याकाळच्या नदीसारखी... तळाचं काहीच दिसत नव्हतं.

"काय झालं मॅडम? मी श्वास जास्त घेतला का?"

"हाताच्या शिरेतलं रक्त घ्यावं लागेल," एवढंच ती म्हणाली. "रिपोर्टला पुढच्या मंगळवारी या, गोवालभाऊ."

"येईन. पण भाऊ नका म्हणू."

"लॅबमध्ये सगळेच भाऊ."

"मग मी लॅबच्या बाहेरच थांबेन," तो म्हणाला.

•

लॅबमध्ये पट्टीवर रक्ताचा ठिपका ठेवून वीज सोडली, की रक्तातली हिमोग्लोबिनं धावू लागतात. चांगलं असतं ते 'ए', ते पुढे पळतं. विळ्याचं ते 'एस', ते मागे रेंगाळतं. गोवालच्या पट्टीवर दोन रेषा उमटल्या. एक पुढे, एक मागे. ए आणि एस. पिवळं.

एस्तेर त्या दोन रेषांकडे बराच वेळ बघत बसली. अशीच एक पट्टी तिने नंदुरबारला शिकत असताना पाहिली होती. वर्गातल्या सगळ्यांनी एकमेकांचं रक्त तपासलं होतं, आणि तिच्या नावापुढेही अशाच दोन रेषा आल्या होत्या.

मंगळवारी तो खरंच लॅबच्या दारात थांबला. तिने त्याला आत बोलावलं आणि रोज दहा जणांना समजावते तसं समजावलं.

"रक्तात हवा वाहून नेणारं एक प्रथिन असतं. तुमच्याकडे त्याची दोन रूपं आहेत. एक हवा देऊन पुन्हा गोल राहतं. दुसरं हवा दिली की एकमेकांना चिकटतं, आणि मग पेशी विळ्यासारखी वाकते. तुमच्यातलं चांगलं दुसऱ्याला सांभाळून घेतं, म्हणून तुम्हाला काही होत नाही."

"म्हणजे तुम्ही रक्तातली हवा बघता," तो म्हणाला, "आणि मी टायरमधली. धंदा एकच की."

"ऐका तरी! फक्त लग्नाच्या वेळी लक्षात ठेवा. पिवळ्याने पिवळ्याशी लग्न केलं, तर प्रत्येक बाळाच्या वेळी चारात एक शक्यता लाल कार्डाची. म्हणून पांढऱ्या कार्डवालीशी करा."

गोवालने कार्ड खिशात ठेवलं. तिच्या अंगावरच्या कोटाकडे बघितलं. कान लाल झाले त्याचे.

"पांढऱ्या कोटवालीशी... चालेल?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं तर काम होतं — मीही पिवळीच. पण बाहेर कुणी नाव पुकारत होतं, पंखा फिरत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला पांढरं समजलं होतं. एस्तेर खाली बघून रजिस्टरची पानं उलटत राहिली.

"पुढचा पेशंट," ती म्हणाली. पण असं, की गोवाल शीळ घालत बाहेर पडला.

•

त्या हिवाळ्यात दवाखान्याच्या गाडीला हवेची फार गरज पडू लागली.

विनोदभाऊ ड्रायव्हर शहाद्याकडचा, लोणखेड्याचा. बोलणं सगळं अहिराणी. दर दोन दिवसांनी तो काच खाली करून म्हणे, "ताई, मागला टायरमा हवा कमी वाटी ऱ्हायनी माले."

"परवाच तर भरली."

"ती हवा जुनी व्हई गई ना!" आणि गाडी न विचारता गोवालच्या दुकानापुढे उभी.

गोवाल टायर भरे आणि प्रश्न विचारे. रोज एक. पांढऱ्या पेशी पांढऱ्या का? डोंगर चढताना धाप लागते ती कुणाची चूक? एकदा नंदुरबारहून तपासणीचं सामान आणायचं होतं, तेव्हा तोही कुठलासा पार्ट आणायचा म्हणून गाडीत बसला. येताना शहराबाहेर मिरचीचे लालभडक गालिचे पसरले होते. नजर जाईल तिथवर लाल. दोघांनी एकदमच शिंकायला सुरुवात केली, आणि थांबेचनात. डोळ्यांतून पाणी. विनोदभाऊ म्हणाला, "देखा, दोन्हीस्ना सूर कसा जमी ऱ्हायना!"

मिरची उलटणाऱ्या बायांमध्ये एकीने पाठीला बाळ बांधलं होतं. गोवाल त्याच्याकडे बघत राहिला.

"पोटात असताना बाळ श्वास कसं घेतं? तिथे तर हवा नाही."

"आईच्या रक्तातून." एस्तेरने रुमालाने नाक पुसलं. "पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळंच असतं, तिसरंच. आईच्या रक्तापेक्षा हवेला जास्त ओढ लावणारं. आईचं सोडतं, बाळाचं धरतं."

"म्हणजे बाळाचा पंप आईपेक्षा ताकदीचा."

"हो. आणि जन्मल्यावर हळूहळू ते निघून जातं. सहा महिन्यांत. मग नशिबात असेल ते येतं. ए, नाहीतर एस."

"सहा महिने सगळी बाळं सारखीच," तो म्हणाला. "ना पांढरी, ना पिवळी, ना लाल."

एस्तेरने रुमालाची घडी घातली. तिच्या मनात आलं, आपले हे महिने तसेच आहेत. निघून जाणारे.

•

जानेवारीची थंडी पडली आणि एस्तेरची धाकटी बहीण रंजना आजारी पडली. ती लोणखेड्याच्या कॉलेजात शिकत होती, होस्टेलला राहत होती. थंडीने तिचे पाय, कंबर, छाती असे काही दुखू लागले की तिला ओरडताही येईना. एस्तेर शिबिरात डोंगरावर, फोन लागेना. शेवटी वडिलांनी, रेवजी गावितांनी, गोवालला फोन केला. थोरल्या मुलीच्या तोंडी हे नाव फार येतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. गोवाल मित्राची जीप घेऊन गेला आणि रंजनाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या रेवजींना तिच्यासकट दवाखान्यात आणून सोडलं.

दुपारी एस्तेर धावत वॉर्डात पोचली, तेव्हा रंजनाला सलाईन लागलं होतं आणि ती झोपली होती. बाहेर बाकावर गोवाल बसला होता. त्याच्या हातात रंजनाचं कार्ड होतं. लाल.

"बहीण सख्खी?" त्याने विचारलं.

"सख्खी."

"हिचं लाल. म्हणजे आई-बाबा दोघांकडूनही आलं." त्याने शिकवलेला धडा म्हणावा तसं म्हटलं. "म्हणजे दोघंही पिवळे निदान. मग... तू?"

तिने कोटाच्या खिशात हात घातला. कार्ड तिथेच असे, पाकिटात, मागच्या कप्प्यात. तिने ते त्याच्या मांडीवर ठेवलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"तुला भेटायच्या आधीपासून."

"आणि मी वेड्यासारखा... पांढरा कोट..." तो हसला, पण ते हसू नव्हतं. "रंगाचं मला काही नाही एस्तेर. रोज जगाला खरं सांगतेस. मला एकट्यालाच नाही सांगितलंस."

"तू मला पांढरं म्हणालास ना... मला ते थोडे दिवस अंगावर ठेवायचं होतं."

गोवालने दोन्ही कार्डं तिच्या हातात दिली आणि उठून गेला.

पुढचे तीन आठवडे गाडीत हवा भरपूर होती. विनोदभाऊ एकदाच म्हणाला, "दुसरीकडनी हवा मन्हा टायरले मानवस नही, ताई." तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. सागाची मोठाली पानं गळत होती, एकेक, सावकाश.

रंजना मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. उठून बसता येऊ लागल्यावर पहिल्यांदा तिने तेच काढलं.

"जिजूंना का पळवलंस?"

"कोण जिजू? गप. आम्ही दोघंही पिवळे आहोत."

"मग?"

"मग काय मग? मीच लोकांना माइकवर सांगते..."

"ऐकलंय मी. 'लाल कार्ड टाळा.' टाळा म्हणजे मला ना?"

"तुझं दुखणं टाळा म्हणते मी, रंजू!"

"दुखणं दाराबाहेर ठेवून मी एकटीच आत आले, असं कधी झालंय का?" रंजनाने उशी पाठीशी ओढली. "मी असते तेव्हा ते असतं. पण ते असतं तेव्हा मीही असतेच ना, ताई? मी हसते, पेपर देते, तुझ्या ड्रेसवर डाग पाडते. जा. निदान भांडून तरी ये त्याच्याशी."

एस्तेर गेली. चालत गेली, कोट न घालता. दुकानात गोवाल एकटाच होता, टायरची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे शोधत होता.

"हवा भरायची?" त्याने वर न बघता विचारलं.

"नाही. सांगायचंय." ती उंबऱ्यातच उभी राहिली. "मी मॅडम म्हणून नाही आले. मला भीती वाटते, गोवाल. माझ्या आईने रात्रंदिवस रंजूचे पाय दाबलेत, मी बघितलंय. मला ते करता येईल की नाही, माहीत नाही. आणि तुझ्याशिवायही... काही करता येत नाहीये."

पाण्यात एक बुडबुडा आला. मग दुसरा. गोवालचं लक्ष नव्हतं.

"सुरतेला तपासतात म्हणे," तो म्हणाला. "बाळ पोटात असतानाच."

"तुला कुणी सांगितलं?"

"तीन आठवडे मी काय नुसती पंक्चरं काढली का?"

"तपासतात. अकराव्या आठवड्यात. मग निकाल येतो."

"आणि निकालानंतर?"

तिने घमेल्यातल्या बुडबुड्यांकडे बघितलं. ओले हात पँटला पुसत तो उठला आणि तिच्यासमोर येऊन थांबला... इतक्या जवळ, की त्याच्या श्वासाला रबराचा आणि गुळाच्या चहाचा वास होता.

"आता सगळं खरं सांगितलंस?"

"सगळं."

"मग माझंही ऐक. मला तूच पाहिजे. कोटाशिवायची."

रेवजींनी दोघांना समोर बसवलं. त्यांच्या घरी येशू, गोवालच्या घरी देवमोगरा माता. "चर्चमध्ये करायचं की मातेपुढे, ते तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "रक्ताचं मी बोलणार. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही केलं. तुम्हाला माहीत आहे. माहीत असलेल्याला जास्त जड जातं, पोरांनो. पेलवणार असेल तर हो म्हणा."

दोघंही एकदमच हो म्हणाले, त्या दिवशी शिंकले होते तसे.

•

दीड वर्षाने नवापूरहून सकाळच्या गाडीने ते सुरतेला गेले. एस्तेरच्या पोटात अकरा आठवड्यांचं बाळ. डॉक्टरांनी बारीक सुईने वारेचा कण घेतला. दहा दिवसांनी कळेल म्हणाले.

ते दहा दिवस पाण्याखाली गेल्यासारखे गेले. आवाज लांबून येत. ती लॅबमध्ये इतरांच्या नळ्यांमागे रेघा शोधायची. संध्याकाळी गोवाल पोटावर हात ठेवून बसायचा.

"निकाल लाल आला तर..."

"गोवाल."

"नाही, मी फक्त..."

"अजून नाही."

त्या 'तर'च्या पुढे दोघंही कधी गेली नाहीत.

दहाव्या दिवशी तिने दुकानात फोन केला. "आपल्यासारखंच. पिवळं," ती म्हणाली आणि रडायला लागली. पलीकडून नुसता कॉम्प्रेसर घुरघुरत होता. मग 'फट्' करून मोठा आवाज झाला. हवा भरता भरता थांबायचं तो विसरून गेला होता.

मुलगी झाली. चर्चच्या वहीत सारा, घरी, देवमोगरा मातेवरून, सगळ्यांची मोगी.

आता मोगी सहा वर्षांची आहे. रंजना तळोद्याला नोकरी करते. रोज गोळी घेते, भरपूर पाणी पिते, आणि तरीही थंडीत एखादा आठवडा बहिणीकडे येऊन पडते. परवाही आली होती. दुपारचं ऊन खाटेवर आलं होतं. मोगी मावशीचे पाय दाबत होती, आपल्या इवल्या मुठींनी, आजीने शिकवलं तसं वरून खाली. आणि एस्तेर तिला तिची लाडकी गोष्ट सांगत होती, ती पोटात असतानाची.

"मग आपण सुरतेला गेलो."

"मी केवढी होते?"

"चिंचेएवढी. तरी डॉक्टरांनी तुझं रक्त बघितलं. तुला दुखणार नाही ना, ते बघायला."

"मग ते म्हणाले, घरी घेऊन जा."

"मग ते म्हणाले, घरी घेऊन जा."

रंजनाने डोळे मिटले होते. पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, ती ऐकत होती. मोगीच्या मुठी थांबल्या. तिने मावशीकडे बघितलं, मग आईकडे, आणि अगदी सहज विचारलं,

"आई, माझ्या जागी मावशी तुझ्या पोटात असती, तर तिलाही घरी आणलं असतंस ना?"